कानफाट्या

किल्लीवाल्याच्या नाकावर कायम राग बसलेला असतो. गिऱ्हाइकांना हे इतकं अंगवळणी पडलं आहे की एखाद्या दिवशी तो नीट बोलला तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. पोस्टाच्या जिन्याखाली त्याची टपरी आहे. एक माणूस, किल्ल्या कापायचं एक यंत्र आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, एवढीच आत जागा. किल्ली हरवून आलेल्या माणसाला आधी बोलणी खावी लागतात, किल्ली मागाहून मिळते. "डोकं हरवलं असतं तर कुठे गेला असतात?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण त्याने कापलेली किल्ली पहिल्याच फेऱ्यात लागते, आणि बोलणी खाल्लेला माणूस ती सहसा पुन्हा हरवत नाही.

पूर्वी हा राग दुधासारखा होता. भसकन वर यायचा, फुंकर मारली की खाली बसायचा. या वर्षी मात्र तो खाली बसेना. त्याच्या घरात चोरी झाली होती आणि चोर म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ जिचं नाव घेतलं जात होतं ती त्याची बायको होती.

गेलं होतं ते आईचं नाणं. त्याचे वडील बोटीवर कोळसा ओढायच्या कामाला होते. लग्नानंतर पहिल्या फेरीहून परत आले तेव्हा कुठल्याशा बंदरातून चांदीचं एक मोठं नाणं घेऊन आले. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी राजाचं तोंड. बायकोला ते गळ्यात घालता यावं म्हणून त्यांनी स्वतःच त्याला भोक पाडलं. हात हलला असावा, कारण भोक तिरकं गेलं. जहाजाच्या शिडातून शिरलं ते थेट राजाच्या कानातून बाहेर आलं. आई तेव्हा नवी नवरी होती, पण जिभेची तिखट. "एवढा मोठा राजा, आणि कानफाट्या करून टाकलात की हो त्याला!" असं म्हणाली, आणि एकदा कानफाट्या नाव पडलं ते पडलंच.

वडील गेले, कानफाट्या राहिला. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. आज कुठला वार हे तिला ठाऊक नसतं, मुलांची नावं ती उलटसुलट करते, दुपारचं जेवून उठली की जेवण कधी होणार म्हणून विचारते. पण खिडकीपाशी खुर्चीत बसून तिचा अंगठा त्या नाण्याच्या कडेवरून फिरत असायचा, आणि तो फिरत असला की ती शांत असायची. इतकी वर्षं घासून कडेचा तेवढा भाग सपाट झाला होता. नाणं गेल्यापासून तिचा हात गळ्याशी जातो, काहीच सापडत नाही, आणि मग ती ओरडते. "या घरात चोर आहे! ती बघा, तिथे उभी आहे!" तिथे सून उभी असते.

सुनेवरच नाव येण्याचं कारण साधं होतं. ती घरी गाद्यागिरद्यांचे अभ्रे शिवते. नाण्याचा दोरा झिजला की जाड दोरा तीच बदलायची, वर्षानुवर्षं. त्या दिवशीही तिनेच नाणं सासूच्या गळ्यातून काढलं, सुयांच्या डब्याच्या झाकणात ठेवलं आणि धाकटा दीर आला म्हणून चहा टाकायला उठली. चहा आला, धाकट्याने तो घाईघाईने घशात ओतला, "निघतो वहिनी, मीटिंग आहे," म्हणाला आणि गेला. ती दोरा कापायला बसली तर झाकणात नाणं नव्हतं. घर उपसलं. गाद्या उसवल्या. न्हाणीघराची जाळी काढून किल्लीवाल्याने आत कोपरापर्यंत हात घातला. काही नाही.

आता धाकट्याविषयी सांगायला हवं. हा विमा विकतो, आणि माणूस असा गोड की समोरच्याला स्वतःच्या मरणाची गोष्ट ऐकून बरं वाटावं. आई त्याच्यावर जीव टाकते. आठवड्यातून एकदा तो येतो, तिच्या गालाला हात लावतो, निघून जातो, आणि आई दिवसभर त्याचं कौतुक सांगते. रोज तिचं अंग पुसणारी, नखं कापणारी, रात्री उठून चादर बदलणारी सून तिला दिसत नाही. नाणं गेल्याचं कळल्यावर धाकट्याने फोन केला होता. आवाजात साखर होती. "दादा, माझं ऐक. रागावू नको. वहिनींना एकदा नीट विचार. बाईमाणूस आहे, कुठे नीट ठेवलं असेल आणि विसरल्या असतील."

आणि किल्लीवाल्याने विचारलं. जेवताना, ताटावरून मान वर न करता विचारलं. "तूच तर नाही ना कुठे ठेवलंस?"

बायकोने हातातला घास खाली ठेवला. ताट उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं, आणि त्या दिवसापासून ती त्याच्याशी हो, नाही आणि वाढलंय एवढंच बोलते. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाची त्याला सवय होती. या गप्प बसण्यापुढे त्याचं काही चालेना, आणि मग जिन्याखाली किल्ली हरवून येणाऱ्या बिचाऱ्यांची धडगत उरली नाही.

आता त्याच्या शौकाकडे येऊ. किल्लीवाला नाणी जमवतो, पण फक्त भोक पाडलेली. टाकसाळीतून भोक घेऊन आलेली नव्हेत, कुणीतरी हाताने पाडलेली. कुणी गळ्यात घालायला, कुणी बटण म्हणून, कुणी पोराच्या खुळखुळ्याला बांधायला. जाणकार मंडळींच्या लेखी असलं नाणं मेलेलं असतं. विक्रेते ते टेबलाखालच्या खोक्यात टाकतात, वर ठेवायलाही लाजतात. हा त्या खोक्यांपाशी उकिडवा बसतो आणि एकेक उचलून उजेडाकडे धरतो. त्यामुळे नाण्यांच्या जगात त्याला चाळणी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तोही ओ देतो. या शौकाचं मूळ अर्थातच कानफाट्या.

धाकट्याला पहिल्यांदा नाण्यांच्या प्रदर्शनात त्यानेच नेलं होतं. धाकट्याने एका फेरीत ठरवून टाकलं की दादाचं हे भंगार आपल्याच्याने होणार नाही. त्याने तांब्याच्या नाण्यांची एक मालिका धरली. एका छापाचं, दर वर्षाचं एक नाणं, प्रत्येकासाठी अल्बममध्ये गोल खळगा. सगळे खळगे भरत आले, एक सोडून. ज्या वर्षी टाकसाळीला आग लागून काम बंद पडलं त्या वर्षाचं नाणं त्याला मिळेना. दरवर्षी तो रिकाम्या खळग्यावर बोट ठेवून म्हणायचा, "हा बघ दादा, माझा पडलेला दात." लोक हसायचे. पण ज्यांनी कधी काही जमवलं आहे त्यांना ठाऊक असतं की भरलेले खळगे रात्री झोपू देतात, रिकामा एकच झोपू देत नाही.

या वर्षी प्रदर्शनाला जावं की नाही याचा किल्लीवाला विचारच करत होता. सकाळी तो दारापाशी घुटमळला. आत आई ओरडत होती.

"जा की," बायको म्हणाली. इतक्या महिन्यांत ती आपणहून बोलली ते पहिल्यांदाच. "मी आहेच घरात. फक्त बाहेरून कुलूप लावून जा. चोराला मोकळं सोडू नये."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडणार कुणावर हे मात्र कळेना. चपला घालून तो निघाला आणि बसस्टॉपपर्यंत वाटेत येणाऱ्या प्रत्येकाकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत गेला.

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे एरवी यंत्रांचे आणि फर्निचरचे मेळे भरतात तो पत्र्याच्या छपराचा अवाढव्य मांडव. आत टेबलांच्या रांगाच रांगा. प्रत्येक टेबलावर वाकडी मान करून उभा असलेला दिवा, काळं कापड घातलेले ट्रे, आणि त्यांवर वाकलेली माणसं. हजारभर माणसं एका छपराखाली, आणि एकालाही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. भिंगातून डोळा बाहेर काढून कुणी "वा!" म्हणालं तर ते नाण्याला. पाठ दुखली की सरळ व्हायचं, चहा प्यायचा, पुन्हा वाकायचं. किल्लीवाल्याला एरवी हे सगळं आवडायचं. बोलावं लागत नाही अशी जगात तेवढी एकच गर्दी होती. आज मात्र त्याला ती माणसं मूर्ख वाटत होती, आणि स्वतः तो त्यांच्यातला एक, म्हणून आणखीच चीड येत होती.

स्पर्धेच्या काचपेट्या मधल्या भागात होत्या. धाकटा आपल्या पेटीपाशी कडक इस्त्रीत उभा होता. दादाला बघून त्याने दोन्ही हात पसरले.

"दादा! बघ. पडलेला दात आला!"

पेटीत अल्बम उघडा होता. सगळे खळगे भरलेले. मधोमध, टाकसाळ जळाली त्या वर्षाचं नाणं, तपकिरी, सुंदर. किल्लीवाल्याचा राग क्षणभर बाजूला झाला. शेवटी शौकीनच तो.

"कुठे मिळालं?"

"मिळालं एकदाचं. नशीब." धाकट्याने पेटीची काच रुमालाने पुसली. काच आधीच स्वच्छ होती. "बक्षीस नक्की आहे म्हणतात. वहिनी कशा आहेत? काही कळलं का मग?"

"काय कळायचंय?"

"नाही, म्हटलं, सापडलं का. जाऊ दे. तू चहा घे, दादा. थकलेला दिसतोस."

किल्लीवाला चहा न घेता पुढे गेला. कडेच्या रांगेत मखमलवाला बसतो. इतरांचे ट्रे साध्या कापडाचे, याचे मखमलीचे, म्हणून हे नाव. बोटांत अंगठ्या, बोलण्यात अदब, आणि टेबलाखाली मोडक्या नाण्यांचं चांगलं मोठं खोकं. किल्लीवाला सवयीने उकिडवा बसला, खोकं चाळलं, दोन भोकवाली बाजूला काढली आणि गुडघ्यांवर हात देऊन उठला. उठताना मधल्या ट्रेवर नजर गेली.

शिडाचं जहाज. मोठं चांदीचं नाणं. अख्खं.

असलं नाणं त्याने आईच्या गळ्याखेरीज फार थोड्या वेळा बघितलं होतं. "बघू," तो म्हणाला. मखमलवाल्याने ते कागदी चौकटीतून सोडवून अदबीने त्याच्या तळहातावर ठेवलं. चौकटीवर देश, वर्ष आणि 'उत्तम' एवढंच लिहिलेलं. नाणं कडेला धरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, हा या लोकांचा पहिला नियम. किल्लीवाल्याने कडेला धरलं, आणि त्याचा अंगठा आपसूक एका सपाट जागी जाऊन बसला.

त्याने नाणं फिरवलं. दुसरीकडे कड गोल, दातेरी, जशी असायला हवी तशी. पुन्हा फिरवलं. पुन्हा सपाट. झीज कशी बोलते हे तो ओळखतो, तो त्याचा धंदाच आहे. एखादी किल्ली डावखुऱ्याची आहे हे तो नुसत्या झिजेवरून सांगतो. तरी त्याने भिंग काढलं, कारण रागावलेल्या माणसाने डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो. राजाचं तोंड बघितलं. राजाला कान होता. छान, कोरलेला, नवाकोरा कान. बाकी राजा म्हातारा, झिजून गाल गुळगुळीत झालेले, भुवया गेलेल्या, आणि कान मात्र कालच फुटल्यासारखा. कानाभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ. उलटं केलं तर शिडावर तसलीच रेघ, जरा सरकलेली. तिरकी.

त्याने नाणं टेबलाच्या लाकडी कडेवर आपटलं. चांदी खणकन वाजते. हे थप्प वाजलं. बुजवलेलं नाणं असंच वाजतं.

"अहो, अहो!" मखमलवाला उठलाच. "आपटताय काय?"

"हे कुणी दिलं तुम्हाला?"

"धंद्यात असं सांगत नसतात, काका."

"भोक बुजवलंय. चौकटीवर लिहिलेलं नाही. हेही धंद्यात सांगत नसतात का?" किल्लीवाल्याचा आवाज मुळातच जिन्याखालून पोस्टातल्या शेवटच्या खिडकीपर्यंत जाणारा. आजूबाजूच्या टेबलांवरची भिंगं खाली आली. दुरुस्त केलेलं नाणं दुरुस्त म्हणून न सांगता विकणं हे या मंडळींत मोठं पाप. संयोजकांना कळलं तर टेबल उठवतात, आणि पुन्हा कधी मांडू देत नाहीत.

"हळू बोला," मखमलवाला घाम पुसत म्हणाला. "बदलीत आलंय माझ्याकडे. तुमच्यासारखेच एक हौशी आहेत. त्यांना एका तांब्याच्या नाण्याची फार निकड होती, माझ्याकडे ते होतं. त्यांनी हे दिलं, मी ते दिलं. त्यांचा सेट इथेच लागलाय, स्पर्धेत."

पडलेला दात कुठून आला हे आता कुणी सांगायला नको होतं. नाणं नेमकं झाकणात असताना आलेला, चहा घशात ओतून पळालेला, आणि वर फोन करून वहिनींना विचार म्हणणारा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आपल्याला हे दिसलं कसं नाही? दिसलं नाही, कारण त्याने तिकडे बघितलंच नव्हतं. कुलूप उघडत नसलं की किल्लीला दोष देऊ नका, आधी कुलपात बघा, असं तो रोज गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होता. आणि घरी येऊन, जी गप्प बसून ऐकून घेईल अशा एकुलत्या एका माणसाला चोर ठरवून मोकळा झाला होता.

"हे इथून हलवू नका," तो मखमलवाल्याला म्हणाला. "हललं तर मी पुन्हा बोलेन, आणि मोठ्याने बोलेन."

धाकटा दोन परीक्षकांशी बोलत होता. दादाचा चेहरा बघून त्याच्या तोंडचं वाक्य अर्ध्यावर थांबलं.

"कानफाट्याला कान बसवलाय," किल्लीवाला म्हणाला. "बघितलास?"

धाकट्याचं तोंड उतरलं. परीक्षक नम्रपणे पुढच्या पेटीकडे सरकले, पण फार लांब गेले नाहीत.

"दादा, हळू. लोक बघतायत."

"बघू देत! माझ्या बायकोकडे सहा महिने सगळे बघतायत. शेजारणी बघतायत. कामाचं कापड आणून देणारा बघतोय. आई खिडकीतून ओरडून रस्त्याला सांगते, घरात चोर आहे म्हणून. तुला ठाऊक होतं, आणि तू मला फोन करून काय म्हणालास?"

"मी चोर म्हटलं नाही. मी फक्त विचार म्हटलं."

"विचार म्हटलंस."

"दादा, मी परत घेणारच होतो. आणि आईला आता काय कळतंय, सांग ना! दुसरं कुठलंही नाणं दे तिला, ती चोळत बसेल."

"दिलं होतं. माझ्या संग्रहातलं दिलं. तिने भिरकावलं." किल्लीवाल्याने हात खिशात घातले, कारण बाहेर राहिले असते तर धाकट्याच्या कडक कॉलरपर्यंत गेले असते. "पैशाची अडचण असती तर समजलो असतो. पोटाला नसतं तर समजलो असतो. एका खळग्यासाठी! पुठ्ठ्याच्या एका खळग्यासाठी आईच्या गळ्यातलं काढून घेतलंस?"

"तुला नाही कळणार," धाकटा एकदम चिडून म्हणाला, आणि या सगळ्यात तेवढंच एक वाक्य बहुधा खरं होतं. "तू भंगार जमवतोस. अकरा वर्षं तो खळगा बघत झोपलोय मी. अकरा वर्षं!"

"उघड पेटी."

"दादा, सेट तुटेल. आज निकाल आहे."

"उघड."

"किल्ली संयोजकांकडे आहे."

हे त्याने कुणाला सांगावं! किल्लीवाल्याने पेटीच्या चिमुकल्या कुलपाकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. "हे कुलूप मी केसाच्या पिनेने उघडीन. पण आज इथे चोर मी नाही. तू तुझ्या हाताने उघडायचं. जा, किल्ली आण."

धाकटा गेला आणि किल्ली घेऊन आला. नसता आला तर काय झालं असतं कोण जाणे, पण आजूबाजूला एव्हाना इतकी माणसं जमली होती की पळून जाणंही प्रदर्शनातच मांडल्यासारखं झालं असतं. त्याने पेटी उघडली. अल्बममधून ते तपकिरी नाणं काढताना त्याचे डोळे खरोखर भरून आले. आई इतके महिने ओरडत होती तेव्हा हे डोळे कोरडे होते. आपलंच नाणं खोटं म्हटल्यावर दुसऱ्याला काय दोष द्यायचा, असं म्हणतात. पण किल्लीवाल्याला त्या म्हणीने काही थंडावा मिळाला नाही. दोष द्यायचाच होता, आणि तो त्याने मखमलवाल्याच्या टेबलापर्यंत चालताना भरभरून दिला.

माल चोरीचा निघाला तर बदली मोडावी लागते, हाही या लोकांचा नियम. मखमलवाल्याने तांब्याचं नाणं भिंगाखाली दोनदा बघितलं, कान बसवायला आलेल्या खर्चाविषयी काहीतरी पुटपुटला, किल्लीवाल्याने नुसता श्वास घेतला तसा गप्प झाला, आणि मखमलीवरचं मोठं नाणं पुढे सरकवलं.

किल्लीवाल्याने ते उचललं, पण खिशात टाकलं नाही. त्याने खांद्यावरची पिशवी उतरवली. हत्यारांशिवाय तो कुठेच जात नाही, प्रदर्शनालाही नाही. पिशवीतून त्याने बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल काढलं, चामड्याचा तुकडा अंथरला, त्यावर नाणं ठेवलं आणि शिडावरच्या त्या रेघेच्या मधोमध टोक टेकवलं.

"अहो, काय करताय!" कुणीतरी किंचाळलं. भोवतालची माणसं पुढे झाली. काय सांगावं, आपल्या डोळ्यांदेखत नाण्याला भोक पाडणारा माणूस त्यांच्यापैकी कुणी जन्मात बघितला नव्हता. एक म्हातारे गृहस्थ छातीला हात लावून म्हणाले, "अहो, अख्खं दिसतंय ते आता! कशाला पुन्हा खराब करताय?"

"खराब तुम्ही केलंय," किल्लीवाला मान वर न करता म्हणाला. "मी त्याचे कान टोचतोय."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण सोनार हजर नव्हता. ड्रिल सरळ घुसू बघत होतं. त्याने ते वडिलांच्या कोनात कलवलं. त्याचा हात मात्र हलला नाही. बुजवलेली चांदी मऊ होती, तिचे बारीक वळसे निघत राहिले, आणि मग टोक पलीकडे राजाच्या कानातून बाहेर आलं. त्याने भोकावर फुंकर मारली, उजेडाकडे धरून बघितलं आणि नाणं शर्टाच्या खिशात टाकलं. धाकटा एक खळगा रिकामा झालेला अल्बम छातीशी धरून उभा होता. किल्लीवाला त्याच्या अंगावरून गेला, पण त्याच्याशी बोलला नाही. पुढेही बरेच दिवस बोलायचा त्याचा विचार नव्हता.

घरी आला तेव्हा आई खुर्चीत होती आणि बायको यंत्रावर अभ्रे मारत होती. त्याने सुयांचा डबा उघडला, जाड दोऱ्याचं रीळ काढलं, आणि ते बायकोकडे न देता स्वतःच दोरा ओवायला लागला. बोटं जाडजूड, दोरा जाईना. बायकोचं यंत्र थांबलं. तिने नाणं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याच्या हातातून घेतलं, दोरा ओठांत ओला करून कानातून ओवला, गाठ मारली आणि सासूच्या गळ्यात घातला.

आईचा अंगठा कडेवर फिरला. सपाट जागा सापडली. मग बोट त्या तिरक्या भोकावर गेलं आणि तिथे थांबलं. आईचा चेहरा निवळला. ती हसली, मुलाचा हात धरला आणि सुनेकडे बोट दाखवून म्हणाली,

"बघ! मी सांगत नव्हते? शेवटी तिच्याकडेच सापडलं ना?"

दिवसभराचा उरलासुरला राग एका झटक्यात वर आला. "आई! तिने नाही, तुझ्या धाकट्याने नेलं होतं! तुझ्या लाडक्याने! ऐकतेस का? तुझ्या…"

"राहू द्या," बायको म्हणाली.

"राहू कसं देऊ? ती तुला…"

"त्या उद्या विसरतील. त्यांना सांगून काय उपयोग आहे?" तिने सुयांचा डबा बंद केला. आवाज चढलेला नव्हता, पण एवढा राग किल्लीवाल्याने स्वतःच्या आवाजातसुद्धा कधी ऐकला नव्हता. "मला चोर त्यांनी म्हटल्याचं वाईट नाही वाटलं. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. तुमचं होतं."

दोऱ्याचं रीळ त्याने उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मागे खिडकीपाशी आई समाधानाने नाणं चोळत होती. रस्त्यावरून कुणी ओळखीचं जात असावं, कारण ती त्याला हाक मारून सांगायला लागली, नाणं सापडलं, सुनेकडेच होतं.

"मी तुला विचारायला नको होतं," शेवटी किल्लीवाला म्हणाला.

"नको होतं," बायको म्हणाली.

तिने यंत्रावरचा अभ्रा बाजूला केला, खिडकीपाशी गेली आणि खिडकी लावून घेतली. मग तिथेच, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलताना त्याला दिसले. पुढे व्हावं की थांबावं हे त्याला कळेना, म्हणून तो जागच्या जागी उभा राहिला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला, या वेळी नाव घेऊन. तिचं नाव त्याने घरात मोठ्याने कधी घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं.